दाब सोडला होता का?

“मार अजून,” खड्ड्यातून शेट्यांचा आवाज आला. “पण सावकाश. धुणं आपटतेयस का काय?”

“मला धुणं येत नाही,” मी भिंतीआडून ओरडले आणि पंपाचा दांडा खाली दाबला.

“दिसतंय ते.”

तो दांडा माझ्या उंचीचा विचार न करता बसवलेला होता. खाली न्यायचा तर त्याच्यावर लोंबकळावं लागे. मी एम.ई.च्या पहिल्या वर्षाला होते, वर्गात मुलगी म्हणून एकटी, आणि विषय घेतला होता सॉलिड मेकॅनिक्स. लोखंडाला ओढलं, दाबलं, पिळलं तर ते किती सोसतं आणि कुठून तुटतं, याचं हे शास्त्र. इचलकरंजीला आमच्या आळीत कुणी विचारलं की आई सांगायची, “वृंदा लोखंड मोडायला शिकतीय.” ती चेष्टेनं म्हणायची, पण माझ्या विषयाचं याहून नेमकं वर्णन मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही.

दिगंबर शेटे आमचे सीनियर. पीएच.डी. करत होते. पस्तिशीला आलेले, कपाळ मोठं होत चाललेलं, आणि बोलणं असं की लागेल पण दुखणार नाही. मला ‘कोपर्डे’ अशी आडनावानंच हाक मारायचे. कॉलेजच्या मागं एका खोलीत बायको आणि लहान मुलगी घेऊन राहायचे. एका पॉलिटेक्निकात हंगामी शिकवत होते. डॉक्टरेट झाली तर तिथं कायम होणार होते, नाही तर त्यांच्या जागी दुसरा माणूस ठरलेलाच होता. प्रबंध लिहून तयार होता. फक्त एक प्रकरण अडलं होतं, कारण शेवटच्या सिलिंडरची चाचणी व्हायची होती. नोंदणीची मुदत त्या महिनाअखेर संपत होती आणि ती एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा ती कुणालाच वाढवून मिळाली नव्हती.

तो सिलिंडर आमच्या लॅबच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात उभा होता. कमरेइतका उंच, पोलादी, आणि पोटावर शेट्यांनी बारीक करवतीनं पाडलेली एक चीर. आत पाणी भरायचं, पंपानं दाब वाढवत न्यायचा, आणि चीर कशी उघडत जाते ते बघायचं. कारखान्यातल्या टाक्यांना अशा चिरा पडतातच. कोणती चीर चालवून घ्यायची आणि कोणती नाही, हे सांगणारं समीकरण शेट्यांनी मांडलं होतं. ते खरं का खोटं, ते हा सिलिंडर सांगणार होता. सगळे सिलिंडर एकाच प्लेटमधून वाकवून घेतले होते. ती प्लेट संपली होती. याच्यामागं दुसरा नव्हता.

खड्ड्याच्या आणि आमच्या मध्ये विटांची जाड भिंत होती, तिच्यात बघण्यापुरती एक काच. पंप आणि पंपावरची दाबाची तबकडी माझ्या बाजूला. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला टेबल, टेबलावर एक काटा असलेलं यंत्र. चिरेच्या टोकाशी नखाएवढी एक पट्टी चिकटवलेली होती, तिला आम्ही गेज म्हणतो. तिथलं पोलाद जितकं ताणलं जाईल तितका तो काटा उजवीकडे सरके. काचेवर शेट्यांनी माझ्या नेलपॉलिशनं एक लाल रेघ ओढून घेतली होती. काटा रेघेच्या अलीकडे असेपर्यंत दर टप्प्याला शेटे खड्ड्यात उतरून सूक्ष्मदर्शकानं चीर मोजणार. काटा रेघेपाशी आला की कुणीही खाली जायचं नाही, सगळे भिंतीआड. नियम शेट्यांचाच होता. चिरेवर डोळा लावून बसलेल्या माणसाच्या तोंडावर सिलिंडर उकलला तर काय होईल, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रेघेच्या निम्म्यापर्यंत काटा आला होता. शेटे वर येऊन आकडे लिहीत होते आणि तेवढ्यात लाइट गेली.

“झालं!” शेट्यांनी कपाळावर हात मारला. “आजच जायची होती हिला.”

माझा हात आपसूक पाणी सोडायच्या तोटीकडे गेला. लाइट गेली की दाब सोडायचा, हा माईणकर सरांच्या लॅबचा नियम. माईणकर सर म्हणजे शेट्यांचे गाईड आणि आमचे विभागप्रमुख. नियम मोडलेला त्यांना खपत नसे.

“थांब, थांब!” शेटे धावत आले. “सोडू नकोस. राहू दे आहे तसा.”

“सर म्हणतात—”

“सर म्हणतात ते रोजच्या चाचण्यांना. हा शेवटचा आहे. पुन्हा सोडून पुन्हा चढवायचा म्हणजे सगळं बिघडलं. तबकडीवर आहे ना दाब? धरून ठेव. मी फ्यूज बघून येतो, का सगळ्या कॅम्पसची गेलीय ते.”

ते गेले. मी अंधाऱ्या शेडमध्ये पंपाशेजारी उभी राहिले. तबकडीचा काटा जागेवरून हलला नव्हता. भिंतीपलीकडे ते पोलाद पोटात पाणी कोंडून गप्प बसलं होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मी संध्याकाळच्या मेसचा विचार करत होते.

जरा वेळानं पत्र्याखालचे दिवे फडफडले आणि माईणकर सर आत आले. उंच, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सरांना आम्ही घाबरायचो, पण ते घाबरण्यासारखे नव्हते. त्यांना निष्काळजीपणा सहन होत नसे, एवढंच. कुठल्याही यंत्रासमोर बसले की पहिल्यांदा काटा शून्यावर आहे का ते बघत. नसला तर बसवून घेत. आम्हालाही तेच शिकवत. शून्य चुकला की पुढचं सगळं चुकलं.

“शेटे कुठे आहेत?”

“फ्यूज बघायला गेलेत, सर.”

सर टेबलाशी बसले. मधे भिंतीचा कोपरा येत असल्यानं मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

“शून्य सरकलाय हो हा,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “लाइट गेली की हे असं होतं. बसवून घेतला. चला, वाट कसली बघायची? घ्या पुढचा टप्पा.”

सरांनी सांगितलं आणि मी दांड्याला लोंबकळले. एक टप्पा झाला, दुसरा झाला. सर काट्यावरचे आकडे मोठ्यानं सांगत होते आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत दाबत होते. तेवढ्यात शेटे परत आले.

“दोन टप्पे घेतले आम्ही,” सर म्हणाले. “सगळं व्यवस्थित आहे. काटा अजून रेघेच्या बराच मागे आहे.”

शेट्यांनी काट्याकडे एक नजर टाकली. सर समोर बसलेले असताना माणूस आणखी काय करणार? त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा दमदार निघाला की! कोपर्डे, चार मार, मी उतरतो.”

ते शिडीवरून खाली गेले. मी दांडा दाबला आणि माझ्या हाताला काहीतरी वेगळं लागलं.

पंपाचा दांडा दाबताना पाणी विरोध करतं. जितका दाब वाढेल तितका दांडा जड होत जातो. सकाळपासून तो जडच होत आला होता. आता तो जड होईना. मी दाबत होते आणि तो मऊ जात होता, पीठ मळताना पाणी जास्त झाल्यावर हात आत जातो तसा. तबकडीवरचा काटा तर जेमतेम सरकत होता. म्हणजे मी आत पाणी ढकलत होते आणि दाब वाढत नव्हता. पाणी जात कुठं होतं? गळत नव्हतं. मग जागा होत होती. सिलिंडर फुगत होता.

“सर, काटा कुठे आहे?”

“अर्ध्याच्या थोडा पुढे. का?”

अर्ध्याच्या थोडा पुढे. लाइट गेली तेव्हाही तो अर्ध्यावरच होता. मग मधले दोन टप्पे आणि हे आत्ताचं गेलं कुठं? मी हे मनात म्हणाले आणि पाठोपाठ सरांचं वाक्य आठवलं. शून्य सरकलाय. बसवून घेतला. शून्य सरकला नव्हताच. लाइट आल्यावर काटा जिथं असायला हवा तिथंच होता, कारण दाब आत होता, आणि सरांनी तो अर्धा ताण शून्य समजून पुसून टाकला होता. आता काटा जे दाखवत होता त्यात मागचं अर्धं मिळवलं की तो लाल रेघ ओलांडून कधीच पलीकडे गेला होता.

“शेटे, वर या!”

“थांब गं. उघडतेय. वा! काय उघडतेय बघ.”

“शेटे, आधी बाहेर या! काटा चुकलाय!”

“कोपर्डे, काय चाललंय?” सर उठले. “बघू द्या त्यांना.”

“सर, तुम्ही शून्य बसवला तेव्हा दाब आत होता. सोडला नव्हता!”

सरांना ते लगेच कळलं नाही. खालून शेटे ओरडले, “कोपर्डे, हात लावू नकोस हं तोटीला! हा शेवटचा आहे! सोडू नकोस!” ते मला ओळखत होते. आणि त्यांनी चिरेवरचा डोळा काढला नाही, हे भिंतीतल्या काचेतून मला दिसत होतं.

मी तोटी पूर्ण फिरवली.

पाणी भिंतीवर असं आदळलं की कानठळ्या बसल्या. तबकडीचा काटा खाली कोसळला. माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. खड्ड्यातून शेटे वर आले. मला वाटलं होतं, ते ओरडतील. पण मघाशी उजळलेला तो चेहरा राखेसारखा झाला होता.

“हे काय केलंत तुम्ही?” सर म्हणाले.

मी सांगितलं. शब्द एकमेकांत अडकत होते, पण सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते शेट्यांकडे वळले आणि अगदी साधा प्रश्न विचारला.

“शेटे, लाइट गेली तेव्हा दाब सोडला होता ना?”

या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी शेट्यांकडे बघितलं. सोडला नव्हता म्हटलं तर त्यांनीच नियम मोडलेला, सगळे आकडे बाद, आणि सिलिंडर तर हा शेवटचा. सोडला होता म्हटलं तर शून्य बरोबर, आकडे बरोबर, आणि एका घाबरलेल्या पोरीनं मधेच खोडा घातला एवढंच. मग चाचणी पुढे चालवता येते.

“सोडला होता, सर,” शेटे म्हणाले.

“सर, नाही! यांनीच मला सांगितलं, सोडू नकोस म्हणून—”

“म्हणजे शेटे खोटं बोलतायत?”

शेटे ओल्या फरशीकडे बघत होते.

“घाबरणं समजू शकतो मी,” सर म्हणाले. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. “पण एखाद्याची चार वर्षांची मेहनत हातात असताना असं घाबरून चालत नाही. तुम्ही उद्यापासून या चाचणीला नाही आलात तरी चालेल.”

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नये. आमचा विभाग लहान. शिंकलं तरी कॅन्टीनपर्यंत ऐकू जाई. मुलं मला बघून तोटी फिरवल्याचा हावभाव करायची. एकानं तर मला ‘फायर ब्रिगेड’ नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मी सगळ्यांना तोडून बोलायची, कारण रडण्यापेक्षा तेच सोपं होतं. शेटे व्हरांड्यात दिसले की दुसऱ्या जिन्यानं जात. राग येत होता मला, खोटं कशाला बोलू. पण एकदा त्यांची मुलगी कॉलेजच्या फाटकाशी त्यांची वाट बघत उभी दिसली आणि त्या रागाला कुठं ठेवावं ते कळेना.

माईणकर सर सरळ माणूस. चाचणी मधेच थांबली होती, हे त्यांनी बाहेरचे परीक्षक खासनीस सर यांना कळवून टाकलं. खासनीस सरांनी उत्तर दिलं की राहिलेली चाचणी माझ्यासमोर घ्या, मी येतो. आणि ज्या विद्यार्थिनीनं थांबवली तिलाही बोलवा.

म्हणून मी पुन्हा त्या शेडमध्ये उभी होते. या वेळी कुणी खड्ड्यात उतरायचं नाही, असं खासनीस सरांनी आल्याआल्या सांगितलं. ठेंगणे, गोरटेले गृहस्थ. बोलणं मऊ, नजर बारीक. पंपावर शेटे स्वतः होते. सगळ्यांसमोर रिकाम्या दाबावर शून्य बसवला गेला आणि दांडा खालीवर होऊ लागला.

मी फक्त तबकडी बघत होते. काय व्हावं असं मला वाटत होतं ते सांगायलाही आज बरं वाटत नाही. मी तोटी फिरवली होती त्या दाबाच्या आत, अगदी त्याच्या जवळपास, तो सिलिंडर फुटावा असं मला वाटत होतं. म्हणजे सगळ्यांना कळलं असतं. कुणाला काही सांगायची गरज उरली नसती.

काटा त्या जागेपाशी आला. शेटे एक क्षण थांबले, आणि पुन्हा दाबू लागले. काटा ती जागा ओलांडून पुढे गेला. दांडा जड होता. शेट्यांच्या मानेच्या शिरा बघूनच ते कळत होतं. माईणकर सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या पाहण्यात उपहास नव्हता, जरा कीवच होती. तीच नको होती मला.

सिलिंडर कितीतरी पुढे जाऊन फुटला. धप्प असा आवाज झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि खड्ड्यात पाणी उसळलं. चीर वरपासून खालपर्यंत उकलली होती.

“छान!” खासनीस सर म्हणाले. “स्वच्छ फुटला. तुमच्या समीकरणापेक्षा आकडा थोडा वर आलाय, शेटे, पण तेवढं चालतं. सुरक्षित बाजूलाच आहे. प्रकरण लिहून टाका, मी पुढच्या आठवड्यात अहवाल पाठवतो.” मग माझ्याकडे बघून हसले. “आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पहिल्यांदा सगळेच घाबरतात.”

“थँक्यू, सर,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“सर, हा आकडा धरता येणार नाही,” शेटे म्हणाले.

ते अजून पंपाचा दांडा धरून उभे होते. सगळे त्यांच्याकडे वळले.

“का?” खासनीस सरांनी विचारलं.

“हा सिलिंडर त्या दिवशी मर्यादेपलीकडे ताणला गेला होता. पोलाद एकदा तसं ताणून सोडलं की ते पहिलं राहत नाही, कडक होतं. पुन्हा चढवलं की जास्त सोसतं. म्हणून आज समीकरणापेक्षा वर गेला. हा आकडा ताणून पक्क्या झालेल्या सिलिंडरचा आहे, माझ्या सिलिंडरचा नाही.”

“पण त्या दिवशी तर काटा रेघेच्या आतच होता,” माईणकर सर म्हणाले. “मी स्वतः बघत होतो.”

“तुम्ही बघत होता तो काटा चुकीच्या शून्यावरून निघाला होता, सर.” शेट्यांनी दांडा सोडला. “लाइट गेली तेव्हा दाब सोडला नव्हता. कोपर्डे सोडत होती. मी तिला सोडू दिला नाही. तुम्हाला विचारल्यावर मी खोटं सांगितलं.”

खड्ड्यातल्या पाण्याचा निचरा होत असल्याचा तेवढा आवाज येत होता.

माईणकर सर टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. “म्हणजे मी शून्य बसवला तेव्हा,” ते सावकाश म्हणाले, “आत अर्धा ताण होता. आणि त्यावर आणखी चढवून तुम्हाला खाली जाऊ दिलं.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, सर.”

“विचारायला हवं होतं मी. यंत्राला हात लावण्यापूर्वी.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “कोपर्डे, मला माफ करा.” मी नुसती मान हलवली.

खासनीस सर शेट्यांजवळ गेले. “शेटे, मुदत वाढत नाही, ठाऊक आहे ना? तुम्ही आत्ता काही बोलला नसता तरी माझा अहवाल जाणारच होता.”

“ठाऊक आहे, सर.”

“मग?”

“मग काही नाही, सर,” शेटे म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. ऊन उतरत आलं होतं, क्रिकेटची मुलं ओरडत होती. “कशाला बोललात?” मी विचारलं. खरं म्हणजे मला आभार मानायचे होते, आणि तोंडातून निघालं हे.

“तो फुटेल म्हणून वाट बघत होतो मी,” ते म्हणाले. “तू थांबवलंस त्याच्या आत. फुटला असता तर तू आपोआप खरी ठरली असतीस आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. सगळं सिलिंडरवर टाकलं होतं मी. आणि तो लेकाचा सोसत गेला, सोसत गेला.” ते हसायला गेले, जमलं नाही. “शेवटी मलाच फुटावं लागलं.”

शेट्यांच्या नावामागे डॉक्टर कधीच लागलं नाही. पॉलिटेक्निकातली जागा गेली, पुढं ते मिरजेकडच्या एका फाउंड्रीत लागले आणि तिथंच निवृत्त झाले. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी ते पायरीवर बसले आणि म्हणाले, “आता घरी सांगायचंय. ते तू येऊन सांग.”

“मी?”

“मला नाही जमायचं. तुला सवय आहे तोटी फिरवायची.”

मी गेले. खोली एकच, एका बाजूला गाद्यांची वळकटी, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मालनवहिनी परातीसमोर बसल्या होत्या. मला दारातूनच परत जावंसं वाटत होतं.

“झालं का?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“झालं. आपलं नाही झालं.”

वहिनींचे हात पिठात थांबले. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “ह्याच व्हय कोपर्डे?”

“मीच,” मी म्हणाले.

“दारात कशाला उभ्या? आत या.”

मी आत जाऊन बसले आणि सांगितलं. लाइट गेल्यापासून आजच्या दुपारपर्यंत, जसं झालं तसं. शेटे खिडकीतून बाहेर बघत राहिले. वहिनींनी मधे एकदाही अडवलं नाही. पदवी गेली, नोकरी जाणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. त्यांचा चेहरा त्या वाक्यांना हलला नाही. सगळं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“मग त्या दिवशी ते फुटलं असतं का?”

होय म्हणणं फार सोपं होतं. पदवी गेली पण माणूस वाचला, असा हिशेब त्या घराला मिळाला असता. शेटेही खिडकीतून वळून माझ्याकडे बघायला लागले होते. त्यांनाही तेच हवं होतं, हे मला दिसत होतं.

“माहीत नाही, वहिनी,” मी म्हणाले. “आणि आता कधीच कळायचं नाही.”

वहिनींनी परातीतलं पीठ गोळा केलं.

“कळायचं म्हंजे तुम्ही पाणी सोडायचं नाही,” त्या म्हणाल्या, “आणि हे तिथंच डोळा लावून बसायचे. असंच न्हवं?”

“हो.”

“मग नको कळायला,” वहिनी म्हणाल्या आणि डब्यातून एक मूठ पीठ जास्त काढून परातीत टाकलं.